रेड अलर्टच्या दिवशी ऊन, यलोच्या दिवशी गुडघाभर पाणी: नकाशे आणि आलेख वाचायचे कसे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे भलत्याच प्रश्नाला उत्तर दिलं असं व्हायला नको. तुम्ही परळला राहता, मुलगा सातवीत आहे, त्याची शाळा दादर पूर्वेला. जुलैत एका दिवशी बातम्यांमधला मुंबईचा नकाशा लाल होता, म्हणून तुम्ही त्याला घरी ठेवलंत आणि दुपारी लख्ख ऊन पडलं. पुढच्या आठवड्यात नकाशा पिवळा होता, म्हणून पाठवलंत, तर येताना तुम्ही दोघं वाटेतल्या हिंदमाताच्या सखल चौकात गुडघाभर पाण्यात अडकलात. त्याच दिवसांत ‘तुळशी तलाव भरून वाहू लागला’ अशी बातमी आली, सोबत निळ्या टाक्यांचं चित्र होतं, आणि तरीही सोसायटीच्या फळ्यावर पाणीकपातीची सूचना तशीच. तुम्ही विचारलंय, हे नकाशे आणि आलेख सामान्य माणसाच्या काही कामाचे असतात, की नुसती जागा भरायला छापतात? आणि मुलाला ते वाचायला शिकवायचं तर सुरुवात कुठून करू?

मी चोवीस वर्षं मुंबईत वर्तमानपत्रांसाठी नकाशे आणि आलेख काढतोय. ते कामाचे असतात, अगदी रोजच्या कामाचे. पण तुमची अडचणही खरी आहे आणि तिचं मूळ मला नेमकं ठाऊक आहे. प्रत्येक नकाशा कुणाच्या तरी एका प्रश्नाचं उत्तर म्हणून काढलेला असतो. तुमचा प्रश्न होता, ‘साडेपाचला हिंदमातावरून पोराला घेऊन जाता येईल का?’ तुमच्यासमोर आलेला लाल नकाशा वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत होता. तो नकाशा चूक नव्हता आणि तुम्हीही चुकला नाहीत. दोन प्रश्नांची गाठ पडली नाही, एवढंच झालं.

आता त्या रंगांकडे बघू. हवामान खात्याचे चार रंग आहेत. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. रंगांचा अर्थ ‘काय करायचं’ या भाषेत दिलेला आहे, ‘किती पाऊस’ या भाषेत नाही. पावसाची किती शक्यता आहे आणि पडलाच तर किती नुकसान होईल, या दोन्हींचा विचार करून रंग ठरतो. तो ठरतो जिल्ह्यासाठी, आणि दिवसभरासाठी. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या सकाळी साडेआठला संपतो. म्हणजे तुम्ही दुपारी ऊन बघून ‘अंदाज फसला’ म्हणालात, तेव्हा त्या दिवसाचे अठरा तास अजून शिल्लक होते. रात्री दोन वाजता जोगेश्वरीला धो धो पाऊस पडला असेल तर तो अंदाज बरोबर ठरला, तुम्ही मात्र परळला झोपलेल्या होतात.

जिल्हा म्हटल्यावर ठिकाणाचा मुद्दा येतो. इथे थोडं थांबतो, कारण हे मला शिकवलं त्या दिवसाने. २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच २४ तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत मोजला गेला ७३-७४ मिलिमीटर. दोन वेधशाळांमधलं अंतर सरळ रेषेत जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. सांताक्रूझची अख्ख्या जुलै महिन्याची सरासरी साडेआठशे मिलिमीटरच्या आसपास असते, तिच्याहून जास्त पाणी एका दिवसात पडलं, आणि कुलाब्याला नेहमीचा जोराचा पाऊस झाला. आकडे हातात आले तेव्हा मी पानासाठी नकाशा काढायला बसलो होतो. माझ्याकडे होते दोन ठिपके. एकावर ९४४, दुसऱ्यावर ७४. मधल्या शहराला कुठला रंग भरायचा? दादरला किती, कुर्ल्याला किती, घाटकोपरला किती? संगणकाला सांगितलं असतं तर त्याने कुलाब्यापासून सांताक्रूझपर्यंत फिक्या निळ्यातून गडद निळ्यात जाणारा गुळगुळीत पट्टा भरून दिला असता. दिसायला सुंदर, पण मधला सगळा भाग कल्पनेतला. आम्ही शेवटी दोन वर्तुळं काढली आणि मधला भाग कोरा ठेवला.

त्या दिवसानंतर महापालिकेने शहरभर ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, बरेचसे अग्निशमन केंद्रांच्या आवारात. आता त्या मधल्या भागाचे आकडे मिळतात आणि दर पावसाळ्यात दिसतं की एकाच दुपारी भायखळ्याला आणि वरळीला पडलेल्या पावसात दुपटी-तिपटीचा फरक असू शकतो. तेव्हा नकाशात एखादा रंग सलग पसरलेला दिसला की मनात विचारा, इथे मोजणारं यंत्र कुठे होतं? ठिपके दाखवलेले असतील तर छानच. नसतील तर रंगाच्या मधल्या छटांवर फार भिस्त ठेवू नका.

जाता जाता मिलिमीटरबद्दल, कारण हा आकडा लोकांना फार पोकळ वाटतो. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. ५०० चौरस फुटांची गच्ची घ्या, तिच्यावर ९४४ मिलिमीटर पाऊस म्हणजे जवळजवळ ४४ हजार लिटर. दहा हजार लिटरचे चार टँकर भरूनही पाणी उरतं. हे एकदा मुलाकडून करवून घ्या, पुढे कधी मिलिमीटर वाचला की त्याच्या डोळ्यांसमोर टँकर उभा राहील.

आता हिंदमाता. पिवळ्या दिवशी पाणी का तुंबलं? समजा त्या दिवशी १०० मिलिमीटर पाऊस झाला. हवामान खात्याच्या वर्गवारीत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, म्हणजे हा आकडा पहिल्याच पायरीवर बसतो. त्याच्या वर ११५.६ पासून अतिमुसळधार, आणि २०४.५ पासून पुढे सर्वांत वरची पायरी. पण हे १०० मिलिमीटर दिवसभरात सारखे विभागून पडले तर तासाला चार मिलिमीटर. कुणाच्या चपलाही भिजणार नाहीत. तेच १०० जर दोन तासांत पडले, तर तासाला ५० मिलिमीटर. मुंबईचे जुने नाले तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेता येईल या हिशेबाने बांधलेले होते, ब्रिमस्टोवॅड या पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यांच्या सुधारणेच्या प्रकल्पात तो हिशेब ५० वर न्यायचं ठरलं. म्हणजे २४ तासांची बेरीज एकच, पण एका मांडणीत रस्ता कोरडा आणि दुसऱ्या मांडणीत नाल्याची सगळी ताकद संपलेली. बातमीत छापून येते ती बेरीज. तुम्हाला हवा असतो तासातासाचा आलेख.

त्यावर भरतीची रेषा. मुंबईचं पावसाचं पाणी शेवटी समुद्रात जातं, आणि बरंचसं आपल्या उतारानेच जातं. समुद्राची पातळी नाल्याच्या तोंडाहून वर चढली की पाणी बाहेर पडत नाही. उलट समुद्राचंच पाणी आत येऊ नये म्हणून काही ठिकाणी दरवाजे बंद करावे लागतात, आणि मग सगळी मदार पंपांवर. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते, ते एवढ्यासाठी. भरती दिवसातून दोनदा येते आणि दुसऱ्या दिवशी साधारण पाऊण तास उशिराने येते. त्यामुळे एकच तासाभराचा पाऊस सोमवारी ओहोटीला पडला तर वाहून जातो आणि शुक्रवारी भरतीच्या माथ्यावर पडला तर हिंदमाताला, गांधी मार्केटला, मिलन सबवेला साचतो.

मी आमच्या पानासाठी काढलेल्या चित्रांपैकी सर्वांत उपयोगी कोणतं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन: खाली दिवसाचे २४ तास, त्यावर दर तासाच्या पावसाचे खांब, आणि त्यांच्यामागून जाणारी भरती-ओहोटीची लाट. खांब उंच आणि लाटही उंच अशी जागा जिथे येते, तिथे शहर थांबतं. २००५ मध्येही दुपारच्या पावसाला भरतीची गाठ पडली होती. हे चित्र वर्तमानपत्रात रोज येत नाही, जागा लागते आणि आकडे वेळेवर हाती यावे लागतात. पण तुम्ही ते घरी काढू शकता. कसं, ते पुढे सांगतो.

तुळशी तलावाकडे येतो, कारण तिथे चित्रानेच तुमची दिशाभूल केली असं मला वाटतं. मुंबईला पाणी सात तलावांमधून येतं. सातही काठोकाठ भरले तर एकूण साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. शहराला रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं, म्हणजे भरलेले तलाव वर्षभर पुरतात. हिशेब जेमतेम जुळतो, म्हणून तर पावसाळा पंधरा दिवस उशिरा आला की कपात येते. यात तुळशीचा वाटा किती? ८,०४६ दशलक्ष लिटर. सगळ्या मुंबईला जेमतेम दोन दिवस पुरेल एवढा. विहारचा २७,६९८, म्हणजे आठवडाभराचा. आणि एकट्या भातसाचा ७,१७,०३७, एकूण साठ्याच्या जवळजवळ निम्मा.

तुम्ही जे चित्र बघितलंत त्यात सात टाक्या सारख्याच उंचीच्या होत्या आणि प्रत्येकीत टक्केवारीनुसार निळा रंग भरलेला. तुळशीची टाकी पूर्ण निळी. भातसाची एक तृतीयांश. डोळा काय करतो? सात टाक्या एकसारख्या समजतो आणि मनातल्या मनात सरासरी काढतो. असं चित्र मीही काही वर्षं काढत होतो. नंतर प्रत्येक तलाव त्याच्या क्षमतेच्या प्रमाणात काढायला लागलो, तर तुळशी इतका बारीक यायचा की त्याचं नाव लिहायला बाहेर रेघ ओढावी लागायची. पानावर ते विचित्र दिसतं, पण तेच खरं आहे.

इथे नकाशाही मदतीला येतो. तुळशी आणि विहार मुंबईच्या हद्दीत आहेत, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांत. बाकीचे पाच, म्हणजे तानसा, मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा आणि ऊर्ध्व वैतरणा, हे ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांच्या डोंगराळ भागात. म्हणजे आपल्या डोक्यावर कोसळणाऱ्या पावसाने मुंबईच्या साठ्यातला अडीच टक्केच भाग भरतो. परळला तीन दिवस झोड लागली म्हणून नळाला पाणी वाढेल ही अपेक्षा मला कितीतरी सुशिक्षित माणसांकडून ऐकू येते. एकदा सात ठिपके नकाशावर बघितले की ती पुन्हा मनात येत नाही. पाण्याची काळजी करायची तर शहापूर आणि इगतपुरीच्या पावसाकडे बघायचं, आणि आजच्या साठ्याची तुलना करायची मागच्या दोन-तीन वर्षांच्या याच तारखेच्या साठ्याशी. २० जुलैला साठा निम्माच आहे हे वाचून घाबरायचं की नाही, ते त्या तुलनेशिवाय ठरत नाही.

आता एक चूक सांगतो, माझी. सुरुवातीच्या वर्षांत मी डेंग्यूच्या रुग्णांचा वॉर्डनिहाय नकाशा काढला. जास्त रुग्ण तिथे गडद लाल. दुसऱ्या दिवशी सार्वजनिक आरोग्यात काम करणाऱ्या एका डॉक्टरबाईंचा फोन आला. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘तुम्ही डेंग्यूचा नकाशा काढलेला नाही, लोकसंख्येचा काढलाय.’ खरं होतं. समजा एका वॉर्डात आठ लाख माणसं आणि २४० रुग्ण, दुसऱ्यात दोन लाख माणसं आणि १२० रुग्ण. माझ्या नकाशात पहिला गडद. पण लाखामागे पहिल्यात ३० आणि दुसऱ्यात ६०, म्हणजे धोका दुसऱ्यात दुप्पट. लोक त्या नकाशावरून कुठे राहायचं, कुठल्या भाचीला सुट्टीत बोलवायचं हे ठरवत असतात. मला ती रात्र अजून आठवते. तेव्हापासून रोगाचा, अपघातांचा, गुन्ह्यांचा कुठलाही नकाशा बघितला की आधी शोधतो: हे ‘किती’ आहे की ‘किती जणांमागे किती’?

बाईंनी आणखी एक गोष्ट विचारली होती, ती तर तुमच्याच भागाबद्दलची आहे. ठिपका कुठे ठेवलाय, रुग्णाच्या घरी की रुग्णालयात? परळला केईएम आहे, वाडिया आहे, टाटा स्मारक आहे. अख्ख्या राज्यातून, राज्याबाहेरूनही माणसं तिथे येतात. नोंद रुग्णालयाच्या पत्त्यावर झाली तर परळ कायम गडद दिसणार, परळच्या चाळींत एक डास नसला तरी. तेव्हा परळ लाल दिसलं म्हणून लगेच घाबरू नका, नकाशाखालची बारीक अक्षरातली ओळ वाचा. ती ओळ नसेल तर तो नकाशा बाजूला ठेवा.

जमीन आणि माणसं यांची गल्लत निवडणुकीच्या नकाशात सर्वांत मोठी होते. विधानसभेच्या निकालाच्या दिवशी राज्याचा रंगीत नकाशा टीव्हीवर दिवसभर असतो. त्यात गडचिरोली जिल्हा डोळ्यांत भरतो, क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. त्यात मतदारसंघ तीन. मुंबई शहर आणि उपनगर मिळून सुमारे ६०० चौरस किलोमीटर, नकाशावर टाचणीच्या डोक्याएवढं, आणि मतदारसंघ ३६. २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीची लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत होती, मुंबईच्या दोन जिल्ह्यांची सव्वा कोटीच्या जवळ. जो पक्ष विरळ वस्तीच्या मोठ्या मतदारसंघांत जिंकेल त्याच्या रंगाने राज्य भरलेलं दिसणार, जागा कितीही असोत. म्हणून आम्ही शेजारी दुसरा नकाशा देतो, ज्यात प्रत्येक मतदारसंघाला सारखाच षटकोन असतो, एकूण २८८. त्यात महाराष्ट्राचा आकार ओळखू येत नाही आणि वाचकांची पत्रं येतात की हे काय काढलंय. तरी मी तो सोडत नाही.

आलेखांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे मुख्य गोष्ट एकच आहे: उभी मोजपट्टी कुठून सुरू होते आणि कशात मोजलंय. खांबांचा आलेख शून्यापासून सुरू व्हायलाच हवा, कारण आपण खांबाची लांबी बघतो. ९६ आणि ९८ टक्के निकालाचे खांब ९५ पासून सुरू केले तर एका शाळेचा निकाल दुसरीच्या तिप्पट दिसतो. शाळांच्या जाहिरातींत हे सर्रास असतं. रेषेच्या आलेखाला हा नियम लागू नाही. तापाचा तक्ता शून्य अंशापासून काढला तर ९८ आणि १०३ मधला फरक दिसणारच नाही, आणि तो फरकच तर जीवाचा असतो. म्हणजे ‘शून्यापासून नाही म्हणजे फसवणूक’ असं सरसकट म्हणता येत नाही, मोजतोय काय त्यावर ते ठरतं.

कशात मोजलंय याचं माझं आवडतं उदाहरण सेन्सेक्सचं. २८ एप्रिल १९९२ ला सेन्सेक्स ५७० अंकांनी पडला. २३ मार्च २०२० ला ३,९३५ अंकांनी. अंकांच्या आलेखात पहिली घसरण छोटीशी खाच आणि दुसरी दरी. पण टक्केवारीत पहिली १२.८ आणि दुसरी १३.२, म्हणजे ज्याचे पैसे होते त्याला दोन्ही दिवशी सारखाच फटका बसला. आज ‘सेन्सेक्स ८०० अंकांनी कोसळला’ असं मोठ्या अक्षरांत आलं आणि सेन्सेक्स ८० हजारांच्या घरात असेल, तर ती एक टक्क्याची घट आहे. तुमच्या म्युच्युअल फंडाचा हप्ता थांबवण्याइतकं त्यात काही नाही.

हवेच्या निर्देशांकातही असाच घोळ होतो आणि तो थेट मुलांच्या खेळण्याशी जोडलेला आहे म्हणून सांगतो. हिवाळ्यात दोन शेजारणी आपापल्या फोनवर बघतात, एकीला हिरवट रंग, दुसरीला लाल. हवा एकच. भारताच्या मोजपट्टीवर पीएम २.५ या सूक्ष्म कणांचं प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल तर निर्देशांक १०० येतो, म्हणजे ‘समाधानकारक’ची वरची सीमा. अमेरिकेच्या मोजपट्टीवर त्याच हवेचा निर्देशांक दीडशेच्या वर जातो आणि रंग होतो लाल. कुठलं ॲप कुठली मोजपट्टी वापरतं ते सेटिंगमध्ये किंवा माहितीच्या पानावर लिहिलेलं असतं. घरात सगळ्यांनी एकच मोजपट्टी धरावी आणि कालच्याशी आजची तुलना करावी. घरात दम्याचा त्रास असलेलं कुणी असेल तर मी स्वतः कडक मोजपट्टी धरतो.

तर मग सुरुवात कुठून? ॲप किंवा पुस्तकाऐवजी मी चौकटींची वही सुचवेन. चित्र वाचायला शिकण्याचा मला माहीत असलेला सर्वांत खात्रीचा रस्ता म्हणजे ते स्वतः काढणं. काढताना माणसाला ठरवावं लागतं की शून्य कुठे, एक चौकोन म्हणजे किती, कशाशी तुलना. एकदा हे स्वतः ठरवलं की दुसऱ्याने काय ठरवलंय ते आपोआप दिसायला लागतं.

तुमच्यासाठी पहिली वही हिंदमाताची. पानावर आडवे २४ तास. भरतीच्या वेळा आणि उंची वर्तमानपत्रात येतात, त्यांची लाट पेन्सिलीने काढा. जवळच्या केंद्राचा तासाचा पाऊस मिळेल तेव्हा खांब काढा, नाही मिळाला तर मुलाने खिडकीतून बघून ‘रिमझिम, जोराचा, धो धो’ असे तीन उंचीचे खांब काढले तरी चालेल. आणि ज्या दिवशी पाणी साचलं त्या दिवशी किती वाजता आणि घोट्यापर्यंत की गुडघ्यापर्यंत, तेवढं लाल रंगात लिहा. शेजारी दादर-परळचा हाताने काढलेला नकाशा, त्यावर तुमची वाट. बशीसारखा सखल भाग कुठे, चढ कुठे सुरू होतो, पुलावरून जायची सोय कुठे. ही वही एका पावसाळ्यात तयार होते. त्यानंतर नकाशा पिवळा असो की लाल, तुम्ही भरतीची वेळ आणि शाळा सुटायची वेळ शेजारी ठेवून बघाल. लाल इशाऱ्याला मात्र लालच माना. माझी वही काहीही म्हणत असली तरी मी त्या दिवशी मुलांना बाहेर काढत नाही.

वाट काढताना एक लक्षात ठेवा. लोकलच्या डब्यात दारावर असतो तो नकाशा स्टेशनांचा क्रम सांगण्यासाठी काढलेला आहे, अंतर सांगण्यासाठी नाही. त्यात पश्चिम आणि मध्य अशा दोन वेगळ्या रेघा दिसतात, म्हणून लोक प्रभादेवीहून परळला जायला दादरला गाडी बदलतात. रेल्वेच्या पादचारी पुलावरून पायी ते काही मिनिटांचं आहे. तुम्ही तिथल्याच, तुम्हाला हे ठाऊक असेल, पण मुलाला दोन नकाशे शेजारी ठेवून दाखवा, त्याला गंमत वाटेल.

घरात लहान बाळ असेल तर दुसरी वही तुमच्या हातात आधीच आहे. अंगणवाडीत मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावर वजनाचा आलेख असतो, रंगीत पट्ट्यांचा. आया विचारतात, ‘ठिपका हिरव्यात आहे ना?’ अंगणवाडी सेविका मात्र रेघ बघते. ठिपका हिरव्यात असूनही तीन महिने रेघ आडवी चालली असेल तर ती लगेच विचारपूस सुरू करते. उलट एखादं मूल मूळचंच लहान चणीचं असतं, पण रेघ पट्ट्यांना समांतर वर चढतेय, तर ती निश्चिंत असते. आलेख वाचणं म्हणजे काय ते मला कुठल्या प्रशिक्षणापेक्षा माझ्या मुलीच्या वेळी त्या सेविकेने जास्त चांगलं दाखवलं.

व्हॉट्सॲपवर येणाऱ्या ढगांच्या चित्रांबद्दल एकच सांगतो: तारीख आणि वेळ दिसत नसेल तर पुढे पाठवू नका. जुन्या वादळाची चित्रं दर जूनमध्ये नव्याने फिरतात आणि म्हातारी माणसं रात्रभर जागी राहतात.

आणि मुलासाठी पहिलं काम, याच रविवारी करता येईल असं. चौकटींच्या वहीचं एक लांब पान घ्या, किंवा दोन पानं उभी चिकटवा. एक चौकोन म्हणजे दहा हजार दशलक्ष लिटर. सात तलावांचे खांब काढायला सांगा. भातसा ७२ चौकोन, ऊर्ध्व वैतरणा २३, मध्य वैतरणा १९, तानसा साडेचौदा, मोडकसागर १३, विहार पावणेतीन. मग रोजच्या बातमीतल्या टक्केवारीप्रमाणे प्रत्येक खांब खालून निळा करत जायचं, ऑक्टोबरपर्यंत. तुळशीला पूर्ण एक चौकोनही मिळणार नाही, म्हणून त्याच्या पेन्सिलीला नीट टोक काढून द्या.